ताई, सहा महिने झाले, मार्क तेवढेच आहेत

प्रश्न: ताई, नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्यात राहते, मागच्या वर्षी स्पेशल बीएड झालं आणि आता एका शाळेत रिसोर्स रूमला आहे, म्हणजे शिकायला जास्तीची मदत लागते त्या मुलांच्या खोलीत, पहिली ते पाचवीची एकोणीस मुलं आणि मी एकटी. त्यात पाचवीतला एक मुलगा आहे, तोंडी विचारलं की सगळं बरोब्बर सांगते पण पेपरात काहीच येत नाही. शाळा उघडल्यापासून रोज त्याला घेऊन बसून राहिली मी, तरी युनिट टेस्टचे मार्क तेवढेच. हेडमॅडम विचारतात फरक काय पडला, त्याचे बाबा म्हणतात डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचन-लेखन अवघड जाण्याचं, सर्टिफिकेट नको, पोरावर शिक्का बसते. आता तर वाटते हे काम मलाच जमत नाही. काय करू?

उत्तर: अगं, आधी मला हे सांग, शाळा उघडली तेव्हा हा मुलगा किती वाचत होता ते कुठे लिहून ठेवलंस का? कारण युनिट टेस्ट असते पाचवीच्या पुस्तकावर, आणि तो वाचायला दुसरीच्या पातळीवर असला तर सहा महिन्यांत तिसरीपर्यंत आला तरी त्या पेपरात काही दिसणारच नाही. म्हणून तुझं वेगळं माप ठेव. त्याला झेपेल असा एक उतारा, एक मिनिट, बरोबर शब्द किती, तारीख टाक, आणि फोनवर रेकॉर्ड कर. दर पंधरा दिवसांनी परत. हेडमॅडमना हे दाखव, आणि एकोणीस मुलांचंही बोल, 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानेच प्राथमिकला दहा मुलांमागे एक स्पेशल शिक्षक हवा असं सांगितलंय.

आता त्याच्या वह्या घेऊन बस आणि चुका वेगळ्या कर. घ-ध, भ-म, थ-य यात गोंधळतो का? पहिल्या वेलांटीला अडतो का? 'पि' म्हणताना प आधी ऐकू येतो पण कागदावर वेलांटी प च्या आधी दिसते, आणि 'धर्म' मधला र तोंडात म च्या आधी येतो पण लिहिताना म च्या डोक्यावर जाऊन बसतो. आपल्याला सवयीने कळत नाही, पण ज्या मुलाला आवाज आणि अक्षर जुळवायलाच कष्ट पडतात त्याच्यासाठी हे फार मोठं आहे गं. एका आठवड्याला एकच गोष्ट घे. ताटात रवा पसरून बोटाने लिहायचं आणि लिहिताना मोठ्याने म्हणायचं. डोळा, कान, हात सोबत वापरायची ही पद्धत अमेरिकेतले डॉक्टर ऑर्टन आणि शिक्षिका गिलिंगहॅम यांनी 1930 च्या दशकात इंग्रजीसाठी बसवली, आपल्या बाराखडीत ती आपल्यालाच बसवावी लागते.

आणि त्याने 'मले' किंवा 'तो जाते' लिहिलं तर ते डिस्लेक्सियात मोजू नकोस. ती घरची बोली आहे, तो कानाने ऐकलेलं अगदी बरोबर लिहून राहिला आहे. हे मी मुद्दाम सांगते कारण अशा चुका मोजून मुलांना टेस्टिंगला पाठवलेलं मी पाहिलंय.

गणितातही तेच बघ. त्रेपन्न म्हटलं की कानावर आधी तीन पडतात मग पन्नास, मूल तसंच लिहितं, 35. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण माझ्याकडच्या मुलांना त्याने खरंच सोपं गेलं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे कर, पन्नास तीन आधी, त्रेपन्न नंतर.

बाबांना आत्ता सर्टिफिकेटचा फॉर्म दाखवू नकोस. डोळे आणि कान तपासून घ्यायला सांग, त्याला कोणी नाही म्हणत नाही. मग शांतपणे बसवून दोन रेकॉर्डिंग ऐकव, आधीचं आणि आत्ताचं. पोरगा हुशार आहे, वाचायची वाट अवघड आहे, हे त्यांना कानाने कळू दे. हे घराण्यात चालत येतं, त्यामुळे कितीदा तरी बाबाच म्हणतात, मॅडम मलाही शाळेत असंच व्हायचं, आणि तिथून बोलणं मोकळं होतं. मगच सांग की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत डिस्लेक्सिया येतो, आणि सर्टिफिकेट असलं की दहावीला जास्तीचा वेळ मिळतो, लागला तर लेखनिकही. फक्त 'बरा होईल' असं बोलू नकोस. हा आजार नाही, गोळीने जात नाही.

तुला जमतं की नाही ते युनिट टेस्टवरून ठरवू नको. आधीची नोंद नसेल तर जुन्या वह्या काढ, जूनचं पान आणि आत्ताचं पान शेजारी ठेव, आणि पहिलं रेकॉर्डिंग उद्याच कर.