बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) आणायच्या आधी टँकचं, म्हणजे त्याच्या राहायच्या पेटीचं बघ

अरे पिल्लू आणायच्या आधी टँक लावून दोन-तीन दिवस चालवून बघ, घाई नको करू. मोठ्या ड्रॅगनला ४ बाय २ बाय २ फूट तरी लागतोच. सगळ्यात महत्त्वाचं युव्हीबी (उन्हात असतात तसले अतिनील किरण), त्यासाठी लांब टी५ ट्यूबच (बारीक ट्यूबलाइट) घे आणि मध्ये काच नको, काचेतून युव्हीबी जवळजवळ येतच नाही, मग कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं वाकतात, बघवत नाही रे ते. बास्किंगच्या, म्हणजे बल्बखाली अंग शेकायच्या दगडावर ४० डिग्रीच्या आसपास ठेव, दुसऱ्या टोकाला २५-२७, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. बल्बला थर्मोस्टॅट आणि जाळी दोन्ही लाव. हीट रॉक (विजेवर तापणारा दगड) स्वस्तात मिळाला तरी नको, पोट भाजतं. पिल्लाखाली वाळू नको, साधा पेपर टाक. रात्री लाइट सगळे बंद.