नामिबियातली शिकार आणि ४०१-केचं कर्ज

ह्यूस्टनहून एका वाचकांनी विचारलंय: वय ४२, ग्रीन कार्ड आहे, दोन मुलं. ऑफिसातले मित्र पुढच्या जूनमध्ये सात दिवस नामिबियात शिकारीला चाललेत. कुडू, गेम्सबॉक, स्प्रिंगबॉक ही हरणांसारखी जनावरं आणि वॉर्टहॉग हे रानडुक्कर धरून ६,८०० डॉलर सांगितलेत. त्यासाठी ४०१-केमधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्यातून, दहा हजारांचं कर्ज काढू का?

नमस्कार,

तुम्ही पाठवलेला दरांचा कागद नीट वाचला. रोजचे ४०० म्हणजे सात दिवसांचे २,८००. मग कुडू २,२००, गेम्सबॉक ८००, बाकी दोन्ही ५००-५००. बेरीज बरोबर आहे, फक्त ती शिकार संपते तिथेच थांबते.

नामिबियाची राजधानी विंडहुकपर्यंतचं विमान १,७००, भाड्याची रायफल ३५०, ट्रॅकर (जनावराचा माग काढणारा), गाईड, स्वयंपाकी यांना बक्षिशी ७००. झाले ९,५५०. त्यानंतर कातडी आणि शिंगं साफ करून, औषधात बुडवून, पेटीत भरून अमेरिकेत आणायची आणि पेंढा भरून घ्यायचा. चार मुंडक्यांचे मी सहा हजार धरतो. हे बिल वर्षभरानं येतं, तोवर सहलीचा हिशेब आपण मिटलेला समजतो. म्हणजे एकूण साडेपंधरा हजार. दहा हजारांचं कर्ज पुरणार नाही आणि वरचे पैसे क्रेडिट कार्डावर जातील. मला त्याचीच धास्ती वाटते.

कर्ज मुळीच काढू नका. नोकरी सुटली तर उरलेली रक्कम त्या वर्षाचं टॅक्स रिटर्न भरायच्या मुदतीत फेडावी लागते. नाहीतर ती उत्पन्नात धरून टॅक्स लागतो आणि तुमच्या वयाला वर १० टक्के दंड. कंपनीत नुकतीच कपात झाली, हे तुम्हीच लिहिलंय.

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आहे: जखमी होऊन निसटलेल्या प्राण्याचेही पूर्ण पैसे. माझ्या एका क्लायंटनं संध्याकाळी गेम्सबॉकवर गोळी झाडली, ती त्याच्या मागच्या भागात लागली. काटेरी झुडपांतून रक्ताचे थेंब बघत ट्रॅकर अंधार पडेपर्यंत चालले, सकाळी पुन्हा गेले. जनावर सापडलं नाही. पैसे भरल्याचं त्याला काही वाटत नाही, त्या जनावराचं अजून वाटतं. तेव्हा जाण्याआधी इथल्या शूटिंग रेंजवर भरपूर सराव करा. त्यावर खर्च झाला तर माझी हरकत नाही.

जावं असं मात्र मला वाटतं. महिन्याला ७०० बाजूला पडतात म्हणता, तर ऑगस्ट ते मे सात हजार होतील. गेम्सबॉक आणि स्प्रिंगबॉक एवढेच धरा, मुंडकी आणू नका. मांस तिथेच फार्मवर खाल्लं जातं, वाया जात नाही. खर्च ६,८५०. बुकिंगला अर्धे पैसे मागतील, पण ते फक्त रोजच्या दराचे, म्हणजे १,४०० ठरवून घ्या. दोन महिन्यांच्या बचतीत भागेल. १५ टक्के व्हॅट ४०० मध्येच आहे का, हे लेखी घ्या. नसेल तर ४२० वाढतील, मग स्प्रिंगबॉकही सोडा.

शेवटच्या संध्याकाळी वळणदार शिंगांचा कुडू समोर उभा राहिला आणि गाईडनं तुमच्याकडे पाहिलं, की २,२०० डॉलर आठवणार नाहीत. म्हणून बुकिंगच्या ईमेलमध्येच लिहून टाका: माझ्यासाठी कुडू नको, मी मागितला तरी.