फिरत्या घराचा विश्वासू कारागीर

प्रश्न : आम्ही म्हापशाहून कॅम्पर व्हॅनने काणकोणकडे निघालो असता वाटेत व्हॅनमधील राहण्याच्या भागाचे दिवे व पाण्याचा पंप बंद पडले. जागेवर येऊन दुरुस्ती करणारा विश्वासू माणूस कसा ओळखावा? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : प्रथम बिघाड इंजिनाचा आहे की घराचा, म्हणजे व्हॅनमधील राहण्याच्या भागाचा, हे ठरवावे, कारण गॅरेजमधील उत्तम मेस्त्रीलाही १२ व्होल्टची घरगुती जोडणी परिचित असेलच असे नाही. तुमच्या बाबतीत वाहनांचा इलेक्ट्रिशियन किंवा इन्व्हर्टर-बॅटरीचे काम करणारा माणूस अधिक उपयोगी ठरेल. फोनवरच लक्षणे सांगावीत. जो मल्टिमीटरने (व्होल्ट मोजण्याच्या उपकरणाने) मोजण्याआधीच बॅटरी बदला म्हणतो, त्याला मी बोलावणार नाही. पूर्ण भारित लेड-अ‍ॅसिड बॅटरी विश्रांत अवस्थेत, म्हणजे चार्जिंग वा वापर चालू नसताना, सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. तेवढे दाखवूनही दिवे लागत नसतील, तर फ्यूज आणि टर्मिनल आधी तपासायला हवेत, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने तेथे गंज लवकर चढतो. येण्याचा आकार व मजुरी आधी लेखी, निदान संदेशातून, ठरवावी आणि काढलेला भाग परत मागावा. गॅसच्या जोडणीला मात्र अधिकृत वितरकाच्या मेकॅनिकशिवाय कोणालाही हात लावू देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती.