दिवे खरे, खिडक्या मनाच्या

प्रश्न : डिसेंबरात सिंहगडाच्या पायथ्याशी हिरवट गोळा सर्रकन गेलेला पाहिला. लोहगावचं विमान असेल का? (धायरी)

दोन-तीन सेकंदांत अर्धं आकाश कापलं असेल, तर विमान नाही. १४ डिसेंबरच्या आसपास मिथुन राशीतला उल्कावर्षाव ऐन भरात असतो. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. हिरवी छटा बहुधा तिच्यातल्या मॅग्नेशियम, निकेलची. आजीच्या भाषेत, तारा तुटला.

प्रश्न : अमेरिकी हवाई दलाने उडत्या तबकड्यांची प्रकरणं 'उल्का होती' म्हणून दडपली ना? (सदाशिव पेठ)

'ना?' लावून विचारलंत, म्हणजे उत्तर आधीच ठरलंय, तरी सांगतो. हवाई दलाचा तबकड्यांच्या तपासाचा प्रकल्प, 'प्रोजेक्ट ब्लू बुक', १९६९मध्ये बंद झाला, तेव्हा १९४७पासूनच्या १२,६१८ नोंदी जमल्या होत्या. त्यातल्या ७०१ उलगडल्या नाहीत, आणि तसं त्यांनी जाहीरही केलं. ग्रह-तारे-उल्का वेगळे काढायचं काम खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांच्याकडे होतं. पुढे त्यांनीच हवाई दलाच्या तपासावर सडकून टीका केली, हे तुमच्या बाजूने. पण १९४८च्या अखेरीस न्यू मेक्सिकोत हिरवे गोळे दिसू लागले, तेव्हा 'या साध्या उल्का नव्हेत' असं म्हणणारे लिंकन लापाझ स्वतः उल्कातज्ज्ञ होते. सगळे मिळून एकच सूर लावत होते, असं काही नव्हतं.

प्रश्न : एकाच वेळी अनेकांनी यान पाहिलं, तर सगळेच चुकले म्हणायचे? (हडपसर)

दिवे बरोबर पाहतात. यान मनात जोडतात. ३ मार्च १९६८च्या रात्री अमेरिकेतल्या अनेक राज्यांवरून पेटत्या ठिपक्यांची रांग गेली. काहींनी सिगारसारखं लांबुळकं यान सांगितलं, उजळलेल्या चौकोनी खिडक्यांसकट. प्रत्यक्षात ते सोव्हिएत 'झोंड-४' या अंतराळ मोहिमेचे जळते अवशेष होते. अंधारात ओळीने चार दिवे दिसले की आपण मधली जागा भरून काढतो. रात्री घाटात लांबून एसटी ओळखतो तसंच.

आपल्याकडे २ एप्रिल २०२२ला तेच झालं. विदर्भात अनेकांना उल्का वाटली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत मात्र धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं. चिनी रॉकेटचं ते, असा निष्कर्ष निघाला. ओळखायची खूण सोपी : रॉकेटचे तुकडे सेकंदाला सात-आठ किलोमीटरनेच येतात, म्हणून मिनिटभर रेंगाळतात. दिसलं की मोबाइल शोधू नका, आकडे मोजा.

प्रश्न : उजेडासोबतच आवाज आला नाही, मग ती उल्का कशी? (विमाननगर)

म्हणूनच! ८० किलोमीटर उंचीवरून आवाज खाली यायला चारेक मिनिटं लागतात, आणि बहुतेक उल्का इतक्या लहान की तो पोचतच नाही. १५ फेब्रुवारी २०१३ला रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड फुटला. लखलखाट पाहून लोक खिडक्यांशी धावले. धक्का त्यानंतर आला आणि काचा अंगावर फुटल्या. सुमारे १,५०० जखमी. तेव्हा तसा उजेड दिसला, तर गॅलरीचं दार लावा आणि आतल्या खोलीत जा.