कॉलेजच्या रोजच्या आयुष्यात कामाला येतील अशा टिप्स सांगा ना?

मुंबईत लोकलने येत असशील तर आधी कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशनचा फॉर्म घे आणि मंथलीऐवजी सरळ क्वार्टरली पास काढ, दर महिन्याला परत तीच रांग नको.

स्कॉलरशिपचं नीट ऐक, इथेच बरीच पोरं अडकतात. महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर) फॉर्म मंजूर झाला तरी पैसे जातात आधार सीडिंग असलेल्या, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला आधारशी जोडलेल्या खात्यात, आणि दोन-तीन बँकांत खाती असतील तर जे सगळ्यात शेवटी सीड केलंय त्यात, मग लोक भलतंच पासबुक घेऊन बसतात की पैसे आलेच नाहीत! बँकेत नुसतं 'आधार लिंक करा' म्हणू नकोस, 'एनपीसीआय सीडिंग करा' असं स्पष्ट सांग (एनपीसीआय म्हणजे कुठला आधार कुठल्या बँकेशी जोडलाय याची नोंद ठेवणारी संस्था). आणि उत्पन्नाचा दाखला ॲडमिशनच्या आधीच काढून ठेव, जून-जुलैत सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

अभ्यासाचं म्हणशील तर कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मागच्या चार-पाच वर्षांचे पेपर मिळतात, ते आधी चाळ, मग पुस्तक उघड. जर्नल मात्र त्या-त्या आठवड्यात सही करून घे, सबमिशनला सर सापडत नाहीत.