वाचकांचे प्रश्न : उमेदवाराचे पत्रक आणि पक्षाचा जाहीरनामा

प्रश्न : गेल्या लोकसभा निवडणुकीत एका उमेदवाराने आमच्या गावात घरोघरी पत्रक वाटले. त्यात शेतरस्ते, नळयोजना, स्मशानभूमीची शेड अशी कामे होती. त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात यांपैकी बहुतेक कामांचा उल्लेखही नव्हता, आणि आम्हाला ज्याची काळजी होती त्या कांदा निर्यातीबद्दल पत्रकात अक्षरही नव्हते. पुढच्या वेळी उमेदवाराला नेमके काय विचारावे?
— नाशिक जिल्ह्यातील एक शेतकरी वाचक

उत्तर : आपल्याला जे खटकले ते योग्यच आहे. पत्रकातल्या बहुतेक कामांचा लोकसभेशी संबंध थोडा, आणि ज्या विषयाचा संबंध थेट, तोच पत्रकातून गळलेला. शेतरस्ते, गटारे, स्मशानभूमी ही ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांची कामे आहेत. खासदार त्यांना हात लावतो तो मुख्यतः खासदार निधीतून, आणि हा निधी वर्षाला ५ कोटी रुपयांचा असतो. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाकाठी सरासरी ८३ लाखांच्या आसपास रक्कम येते, आणि एकूण निधीपैकी किमान १५ टक्के अनुसूचित जातींच्या व साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवावे लागतात. शिवाय खासदार काम फक्त सुचवतो. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. इतक्या रकमेत किती गावांत किती शेड उभ्या राहतील, याचा हिशेब पत्रक हातात असतानाच करता येतो.

नळयोजनेचे मात्र थोडे वेगळे आहे. पाणीपुरवठा हा राज्याचा विषय असला, तरी २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्राचा वाटा निम्मा आहे, आणि अशा केंद्रीय योजनांचा जिल्ह्यातला आढावा घेणाऱ्या ‘दिशा’ समितीचे अध्यक्षपद खासदाराकडे असते. त्यामुळे ‘नळ देऊ’ या शब्दांवर समाधान न मानता, या समितीच्या बैठका वेळेवर घेणार का आणि त्यांचे इतिवृत्त गावांना दाखवणार का, असे विचारावे.

आता कांद्याकडे येऊ, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. परदेशांशी व्यापार हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीचा, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतला, विषय आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली आणि ४ मे २०२४ रोजी ती उठवली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून. नाशिक आणि दिंडोरीत मतदान झाले २० मे रोजी. बंदी घालणे आणि उठवणे या दोन्ही गोष्टी अधिसूचनेने झाल्या. त्यासाठी लोकसभेत मतदान घ्यावे लागले नाही. म्हणूनच ‘मी संसदेत कांद्याच्या बाजूने मत देईन’ एवढ्यावर कोणत्याही उमेदवाराला सोडू नये. अशा वेळी खासदाराच्या हाती असतात ती साधने वेगळी : प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर, लोकसभेच्या कामकाज नियमांतील नियम ३७७ खाली मांडायचा विषय, वाणिज्य खात्याशी संबंधित स्थायी समिती, आणि स्वतःच्या पक्षाची बैठक. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त हवा असतो आणि उत्पादकाला भाव हवा असतो. देशभर मते मागणारा पक्ष या दोघांमध्ये कोणाला आधी ठेवतो, हे त्याच्या प्राधान्यक्रमावरून कळते. हा प्रश्न कोपरा सभेत उमेदवाराला सर्वांसमोर विचारावा : भाव पडलेले असताना पक्षाने निर्यात रोखली, तर आपण कोणत्या मार्गाने आणि किती दिवसांत बोलाल? विद्यमान खासदारच पुन्हा उभे असतील, तर त्यांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे लोकसभेच्या संकेतस्थळावर आहेत. ती आधी वाचून जावे.

आणि ते पत्रक जपून ठेवावे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२७अ नुसार प्रत्येक निवडणूक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव व पत्ता असणे बंधनकारक आहे, त्यामुळे ‘ते आमचे नव्हतेच’ असे नंतर म्हणणे सोपे राहत नाही.

प्रश्न : निवडून आलेला खासदार पक्षाच्या धोरणाविरुद्ध जाऊ शकतो का? आणि जाहीरनामा पाळला नाही तर न्यायालयात जाता येते का?
— एक महाविद्यालयीन वाचक

उत्तर : सभागृहातील मतदानाच्या वेळी पक्षादेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) गेल्यास सदस्यत्वावर गदा येते. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे पक्षादेश मोडून मत देणारा किंवा गैरहजर राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो, मात्र पक्षाने १५ दिवसांत त्याला माफ केले तर नाही. परंतु प्रश्न विचारणे, चर्चेत स्थानिक अडचण मांडणे किंवा स्थायी समितीच्या अहवालाला असहमतीचे टिपण जोडणे म्हणजे पक्षादेशाविरुद्ध मतदान नव्हे. ‘पक्षापुढे आमचे काही चालत नाही’ हे उत्तर मला म्हणूनच अपुरे वाटते. ते मतदानापुरते खरे आहे आणि खासदाराचे बरेचसे काम मतदानाबाहेरचे आहे.

जाहीरनाम्याची अंमलबजावणी न्यायालयातून करून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात म्हटले की जाहीरनाम्यातली आश्वासने लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३ खालील भ्रष्ट आचरणात मोडत नाहीत. मात्र निवडणूक आयोगाने मार्गदर्शक तत्त्वे करावीत, असा निर्देशही दिला. त्यानंतर आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यावर स्वतंत्र भाग आला. आश्वासनामागचे कारण सांगावे आणि पैसा कोठून येणार हे ढोबळमानाने तरी दाखवावे, अशी त्यात अपेक्षा आहे. हा दुसरा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि प्रचारात नेमका तोच कोणी विचारत नाही.

प्रश्न : मोठ्या नेत्याच्या सभेचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरतात का?
— पुण्यातील एक वाचक

उत्तर : नेत्याचे नाव पक्षाने दिलेल्या स्टार प्रचारकांच्या यादीत असेल, तर त्याचा प्रवासखर्च धरत नाहीत. परंतु उमेदवार त्याच व्यासपीठावर असेल, तर सभेच्या खर्चातला वाटा उमेदवाराच्या नावे लागतो. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवारासाठी ९५ लाख रुपयांची मर्यादा २०२२ पासून आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही, आणि ही फट बुजवली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराने हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो, आणि एक रुपया शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो.