मशीनचा ‘कम्युनिकेशन फॉल्ट’ शोधायला कुठे शिकायचं?

प्रश्न : मी आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला आहे. वडिलांचा एक एक्स्कॅव्हेटर आहे (आमच्याकडे सगळे पोकलेनच म्हणतात). गेल्या पावसाळ्यात चालता चालता त्याचा मीटर बंद पडायचा, इंजिन आरपीएम घ्यायचं नाही आणि स्क्रीनवर ‘एसपीएन ६३९, एफएमआय ९’ असा कोड यायचा. दोन सेन्सर बदलले, फरक पडला नाही. शेवटी एका कारागिराने बूमच्या (मशीनच्या लांब हाताच्या) बुडाशी घासलेली वायर अर्ध्या तासात शोधली. मला हेच काम शिकायचं आहे. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसकट लॅपटॉपची किट मिळते आहे. ती घेऊ, की डिप्लोमा करू?

उत्तर : किट घेऊ नकोस. कारण तुझ्याच पत्रात आहे. एसपीएन म्हणजे तक्रार कशाबद्दल आणि एफएमआय म्हणजे तक्रार कोणत्या प्रकारची. ६३९ म्हणजे कंट्रोलर (मशीनमधले छोटे संगणक) ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती लाइन, आणि ९ म्हणजे संदेश ठरल्या वेळेत आला नाही. यात सेन्सरचं नावही नाही, तरी दोन सेन्सर बदलले गेले. महागडं सॉफ्टवेअर जोडलं असतं तरी त्यानेही हाच कोड दाखवला असता. वायर कुठे घासली आहे ते त्याला कळत नाही. शिवाय क्रॅक सॉफ्टवेअरने ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कंट्रोलरमध्ये, चुकीची फाइल गेली, तर पाचशेच्या वायरीचं काम लाखाच्या कंट्रोलरवर जातं.

या लाइनला कॅन बस म्हणतात. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जगापुढे आणली. अवजड यंत्रांत तिचं ‘जे-१९३९’ नावाचं रूप चालतं, वेग बहुधा सेकंदाला २५० किलोबिट. बऱ्याच मशीनमध्ये ऑपरेटरने थ्रॉटलची डायल फिरवली की मशीनचा कंट्रोलर इंजिनला ‘एवढा आरपीएम दे’ असा संदेश याच लाइनवरून पाठवतो. संदेश पोचला नाही की इंजिन कमी आरपीएमवर अडून राहतं. अशा वेळी डिझेल फिल्टर बदलत बसणारे खूप आहेत.

आता त्या कारागिराने बहुधा काय केलं असेल ते नीट बघ. बकेट जमिनीवर टेकवलेलं, चावी बंद, बॅटरीचा मेन स्विच बंद, आणि दोन-चार मिनिटं थांबायचं. नऊ पिनांचा गोल डायग्नोस्टिक कनेक्टर असेल तर त्यात सी ही पिन कॅन हाय आणि डी ही कॅन लो, म्हणजे त्याच लाइनच्या दोन वायरी. या दोघींमध्ये मल्टिमीटरने ओहम मोजायचे. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून मीटरवर ६० च्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर एक रेझिस्टर गेलाय किंवा मधे वायर तुटली आहे. ४० आला तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवलाय. नंतर बसवलेलं ट्रॅकिंगचं यंत्र आधी बघायचं. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या. इथे नवशिके एका ठिकाणी हमखास फसतात. काही मशीनमध्ये टोकाचा रेझिस्टर कंट्रोलरच्या पोटातच असतो. तो कंट्रोलर काढून मोजलं की १२० येणारच, त्याला बिघाड समजायचं नाही. म्हणून वायरिंग डायग्राम समोर हवा.

मग चावी चालू करून व्होल्ट. कॅन हाय ते अर्थ (मशीनची बॉडी) साधारण २.६ ते २.७, कॅन लो ते अर्थ २.३ ते २.४. दोन्हींची बेरीज पाचाच्या जवळ राहते. एखादी वायर शून्यावर बसली असेल तर ती अर्थला लागली आहे.

सगळे आकडे बरोबर आणि तरी फॉल्ट अधूनमधून येतो, तेव्हा खरं कसब लागतं. परत मेन स्विच बंद करून मीटर ओहमवर ठेवायचा आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) हातभर, हातभर हलवत जायचं: कॅबच्या फरशीखाली, बूमच्या बुडाशी, इंजिनमागच्या क्लॅम्पपाशी. आकडा जिथे उडी मारतो तिथे टेप सोडायची. घासलेल्या जागी इन्सुलेशन चकचकीत झालेलं असतं आणि आत तांब्यावर हिरवा गंज चढलेला असतो.

कोण कुणाबद्दल तक्रार करतंय तेही लिहून काढायचं. सगळे कंट्रोलर एकाच कंट्रोलरबद्दल ओरडत असतील तर मुख्य लाइन सोडून आधी त्या एकाचा फ्यूज, सप्लाय आणि अर्थ तपासायचा. तपासताना नुसता व्होल्टमीटर पुरत नाही. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर २४ व्होल्ट दाखवतो. त्याच पिनवर २४ व्होल्टचा २१ वॉटचा बल्ब लावला की तो मिणमिणतो आणि खोट उघडी पडते. सगळेच एकमेकांबद्दल ओरडत असतील तर मुख्य लाइन.

यातले बरेच बिघाड माणसांच्या हातून होतात. प्रेशर वॉशरचा फवारा थेट कनेक्टरवर मारला जातो. जाड प्रोब पिनमध्ये कोंबल्याने ती सैल होते, आणि फॉल्ट शोधायला आलेलाच नवा फॉल्ट ठेवून जातो. बकेटला वेल्डिंग करताना बॅटरी आणि कंट्रोलरचे कनेक्टर काढलेले नसतात.

आता शिक्षणाचं. दोन वर्षांच्या ट्रेडवर तुला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. ती वाट पुढेही खुली राहते. त्यामुळे माझं मत असं, की आधी बांधकाम यंत्रांच्या एखाद्या डीलरच्या सर्व्हिस वर्कशॉपमध्ये एक वर्ष ॲप्रेंटिसशिप कर. नोंदणी सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर होते. चाकण-तळेगाव पट्ट्यात या यंत्रांचे कारखाने आहेत, पण तुला कारखान्यापेक्षा डीलर बरा, कारण बिघडलेलं मशीन तिथे येतं. अधिकृत सॉफ्टवेअर आणि सर्व्हिस मॅन्युअलही तिथेच हाताळायला मिळेल. त्यानंतर डिप्लोमा घ्यायचा तर इलेक्ट्रिकल किंवा मेकॅट्रॉनिक्स बघ. इंजिन तुला येतंच. कामाची चिंता करू नकोस. चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना १ जानेवारी २०२५ पासून प्रदूषणाचे स्टेज पाचचे नियम लागू झाले आहेत. त्यामुळे इंजिनाभोवतीचे सेन्सर आणि कंट्रोलर वाढतच जाणार.

किटसाठी ठेवलेल्या पैशांतून एक चांगला मल्टिमीटर, बारीक बॅक-प्रोब पिना आणि पिन दाबायचा योग्य क्रिम्पर घे. उरलेल्यात दोन आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड) आणि त्यांना कॅन लाइनला जोडणारी दोन एमसीपी २५१५ मॉड्यूल येतील. टेबलावर दोघांना बोलतं कर आणि मग एक रेझिस्टर काढ. आखूड वायरीवर संदेश तरीही बहुधा जातील. मशीनवर १२० ओहम दिसत असूनही ते आठवडाभर कसं चालतं आणि मग एका दुपारी अचानक का थांबतं, ते तिथे तुझ्या लक्षात येईल.